चौदा घरांची घोडी

देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा गावानं एक स्मरणिका काढली. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. आम्ही तोवर जालन्याला राहायला आलो होतो, म्हणून गावाकडच्या कुणीतरी एक प्रत घरी आणून दिली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर देवीचा फोटो, मागं खताच्या दुकानांच्या जाहिराती आणि मधे एक लेख. आपल्या गावात पूर्वी चौदा घरं मिळून देवीची घोडी कशी पाळत, त्याचे नियम किती शिस्तीचे होते, आणि आजच्या पिढीनं त्या एकोप्यातून काय घ्यावं, असं सगळं त्यात होतं. लेख मी दोनदा वाचला. मग ती स्मरणिका रद्दीत टाकली आणि हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं, पण मला धुवावेसे वाटले.

नियम होते हे मात्र खरं. तेरा होते. माझ्या सासऱ्यांनीच ते लिहून काढले होते, माझं लग्न व्हायच्या आधी, कुणाच्या तरी पाळीवरून भांडण पेटलं तेव्हा. त्यांचं अक्षर सुंदर. जाड कागद, भोवती लाल शाईची चौकट, वर काच, आणि तो सभामंडपात डोळ्यांच्या उंचीवर लावलेला. घोडी देवीची. ती सांभाळायचा मान फक्त खातेदारांचा, म्हणजे ज्यांच्या सातबाऱ्यावर दहा एकरांच्या वर रान आहे त्यांचा. अशी घरं चौदा. एकेका घरी घोडी एक महिना राहणार, अमावस्या ते अमावस्या. तिला गाडीला जुंपायचं नाही, तिच्यावर ओझं लादायचं नाही. दसऱ्याला ती पालखीच्या पुढं चालणार. लग्नात तिच्यावर खातेदाराच्याच घरचा नवरदेव बसणार, दुसरा कुणी नाही. देवीच्या इनामी रानात हरभरा व्हायचा, त्यातलं एक पोतं पाळीच्या घरी पोचतं व्हायचं आणि त्यातून घोडीला रोज दोन शेर दाणा घालायचा. विटाळशी बाईनं तिला शिवायचं नाही. ज्याच्या पाळीत घोडी मरेल त्या घरानं नवी आणून द्यायची. आणि पाळी बदलताना पाच पंचांनी घोडीची पाहणी करायची. फासळी दिसली तर त्या घराचा दसऱ्याचा मान गेला.

वाचणाऱ्याला वाटावं, काय सुख आहे त्या जनावराचं. पण तेरा नियमांत लीद कोण काढणार हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पाणी कोण शेंदणार, खरारा कोण करणार, तोबरा तोंडाला कोण बांधणार, यातलं काहीच नव्हतं. ते लिहायची गरज कुणाला वाटली नसणार, कारण ती कामं घरातल्या बायका करत. आणि त्याच बायकांनी महिन्यातले चार दिवस तिला शिवायचं नाही, म्हणजे त्या दिवसांत घोडीनं काय करायचं तेही लिहिलेलं नव्हतं. घोडी उपाशी उभी राहायची, दुसरं काय करणार.

मी त्र्याऐंशी साली त्या गावात लग्न होऊन आले. भोकरदनच्या पुढं, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला, एवढंच सांगते. गावाचं नाव घ्यायची मला इच्छा नाही. माझं माहेर अंकुशनगरचं. वडील साखर कारखान्यात कामाला, आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमधे वाढलो. नळाला पाणी, भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. जनावर म्हणून मी एक मांजर पाळलेलं. त्यामुळं सासरी घोडी येणार म्हणून ऐकलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली, मोठ्या पापण्यांची ती घोडी हार घालून आमच्या दारात आणली गेली, आणि मी हौसेनं तिच्या पायांवर पाणी घातलं. ती मात्र मान खाली घालून उभी. दोन दिवस तिनं कशालाच तोंड लावलं नाही. मला वाटलं नवीन जागा म्हणून असेल.

हरभऱ्याचं पोतं त्याच दिवशी आलं आणि सरळ आतल्या खोलीत कोठीत गेलं. दोन दिवसांनी सासूबाईंनी त्यातला पाटीभर काढून मला दळून आणायला सांगितला. झुणका झाला. पुढं पुरण झालं, कधी भिजवून उसळ झाली. घोडी बैलांपुढचा उरलेला कडबा खात होती. आठव्या-दहाव्या दिवशी मी धीर करून म्हणाले, "आत्याबाई, हा हरभरा तर घोडीचा ना?"

सासूबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "घोडी देवीची, हरभरा देवीचा. मंग आपुन कुणाचे?"

मी हसले. आज ते हसणं आठवलं की मला स्वतःची शिसारी येते. घोडीच्या वाट्याच्या हरभऱ्याचा झुणका मी भाकरीशी मिटक्या मारत खाल्ला आहे आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला आहे. बाहेर ती खुंटा चावत असायची. भिंतीचा पोपडा चाटायची. तिची लीद मी रोज काढायचे, ती सुकी आणि थोडी असायची, त्यामुळं मला काम कमी पडतं म्हणून बरंच वाटायचं.

अमावस्या चार दिवसांवर आली तसं घरातलं वारं बदललं. सासऱ्यांनी कॅलेंडर बघितलं आणि ओसरीवरूनच हुकूम सोडला. "आजपसून भरा तिला. पाहणीला फासळी दिसली न्हाई पाहिजे." मग घमेल्यात हरभरा भिजला. वर ज्वारी, वर गूळ. सव्वीस दिवस कडब्यावर राहिलेल्या जनावराच्या तोंडाला दिवसातून चार-पाच वेळा तोबरा चढायला लागला. ती अधाशासारखी खायची. तिचा अधाशीपणा बघून घरातले पुरुष हसायचे. शेवटच्या दिवशी पहाटे सासूबाईंनी मूठभर मीठ गुळात मळून तिला चारलं. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, "घटाघटा पाणी पिती मंग. पोट गोल दिसतं." ही युक्ती चौदाही घरांना माहीत होती. प्रत्येक घर हेच करत होतं, दर महिन्याला. नियमाप्रमाणं घोडी एकाच दिवशी बघायची होती, म्हणून तिला एकाच दिवसासाठी चारायचं होतं.

सकाळी घोडी देवळापुढच्या पटांगणात नेली. सगळं गाव जमलेलं. पाच पंच पुढं झाले, त्यांनी पंजानं तिच्या बरगड्या दाबून पाहिल्या. पोट ताणून टम्म झालेलं, तिथं फासळी कुठली सापडणार. "भरली हाय. एक नंबर," असा निकाल झाला. माझ्या सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. पुढच्या घराचा माणूस हार घेऊन आला. आणि तेवढ्यात घोडीनं मान वळवून स्वतःच्या पोटाकडं पाहिलं, मागच्या पायानं पोटाला लाथ मारली आणि धाडकन खाली बसली. मग लोळायला लागली. चारी पाय वर, अंगाला घामाच्या धारा, नाकपुड्या फुगलेल्या.

मी घाबरले. पण भोवतीच्या माणसांत घाबरल्याचं चिन्ह नव्हतं. संबळ वाजायला लागला. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. "देवी खेळून राह्यली," शेजारची म्हातारी माझ्या कानात म्हणाली, "पाळी पावली तुमची." बायका कुंकवाचे करंडे घेऊन पुढं गेल्या. त्या लोळणाऱ्या जनावराच्या कपाळावर, मानेवर, फुगलेल्या पोटावर कुंकू टाकायला लागल्या. नारळ फुटले. तिच्या डोळ्यांत हळद-कुंकू गेलं. दर अमावस्येला घोडीच्या अंगात देवी येते आणि ज्यांच्या पाळीनंतर येते त्यांची सेवा तिला पावली, अशी गावाची श्रद्धा होती. सासूबाईंनी मला पुढं ढकललं. मीही कुंकू लावलं. हात जोडले आणि पाया पडले.

नालबंद चाचा त्या दिवशी पटांगणाच्या फाटकाबाहेर बसून होते. पाळी बदलली की नव्या घरानं नाल ठोकून घ्यायचे, म्हणून ते अवजारांची पेटी घेऊन भोकरदनहून यायचे. हाडकुळे, पांढरी दाढी, घोड्यांतच आयुष्य गेलेलं. घोडी तासा-दीड तासानं उठून उभी राहिली तेव्हा मी तिच्यासाठी पाण्याची घागर घेऊन चालले होते. त्यांनी मला थांबवलं.

"बेटी, ये देवी-वेवी कुछ नई," ते हळू आवाजात म्हणाले. "पेट दुखरा उसका. महिनाभर भूका रखते, और महिनेभर का दाना चार दिन में भरते. जनावर क्या करेंगा?"

"मग तुम्ही सांगत का नाही चाचा?"

"बोल्या था. बोले, तू तेरे नाल ठोक." त्यांनी खांदे उडवले. "मेरी जमीन नई ना इधर. रोज थोडा-थोडा डालो, कुछ नई होता. ऐसाच चल्या तो एक दिन मर जाएंगी."

मी ते घरी सासूबाईंना सांगितलं. त्या भांडी घासत होत्या. मला वाटलं त्या दचकतील, निदान रागावतील. त्या नुसत्या राख लावत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई का? बावीस पाळ्या झाल्या मला ह्या घरात."

"मग बोलत का नाही?"

"काय तोंडानं बोलू? बावीस पाळ्या तो हरभरा मीच शिजवला."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू नवीन आहेस, जरा दमानं घे. मी दमानं घेतलं. तेरा महिने घेतलं, म्हणजे आमची पाळी पुन्हा येईपर्यंत. मधल्या सगळ्या अमावस्यांना मी पटांगणात जायचे आणि घोडी लोळताना बघायचे. आता मला सगळं दिसत होतं. ती आधी मान वळवून कुशीकडं बघायची, मग दात विचकायची, मग घाम. आणि लोक तिचे विचकलेले दात बघून देवी हसली म्हणायचे. मला त्या गर्दीचा, त्या कुंकवाच्या चिखलाचा, गुळाखोबऱ्यावर बसणाऱ्या माशांचा इतका वीट आला की घरी येऊन जेवण जायचं नाही.

दुसऱ्या पाळीत एक बरं झालं. सासूबाईंच्या बहिणीच्या सुनेचं बाळंतपण निघालं आणि त्या महिनाभरासाठी जांब समर्थला गेल्या. कोठीची किल्ली माझ्या कमरेला आली. हरभऱ्याचं पोतं आलं त्याच दिवशी मी शेराचं माप घोडीच्या ठाणाजवळ नेऊन ठेवलं. सकाळी एक शेर, संध्याकाळी एक. भिजवून, निथळून. कडबा बारीक कापून. पाणी तीनदा. माझे ते चार दिवस आले तेव्हाही मीच तिला पाणी पाजलं, मीच दाणा घातला. घरात दुसरी बाई नव्हती आणि नियम लिहिणारे माझे सासरे घोडीच्या ठाणाकडं फिरकत नसत, त्यांना लिदीचा वास सहन व्हायचा नाही. मला भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू. पहिल्या दिवशी घागर तिच्यापुढं ठेवताना मी आधी ओसरीकडं बघून घेतलं. तिनं पाणी पिऊन ओलं नाक माझ्या खांद्याला पुसलं. त्यानंतर मला भीती वाटली नाही.

पंधरा दिवसांत तिच्या अंगावर तेज आलं. खरारा केला की कातडी चमकायची. मी दार उघडलं की खिंकाळायची. त्या घरात माझ्या येण्याचा आनंद होणारी ती एकटीच होती, आणि मीही दिवसभर तिच्याजवळ जायची निमित्तं शोधायचे. चार दिवस आधी सासऱ्यांनी नेहमीप्रमाणं ओसरीवरून सांगितलं, "सूनबाई, भरायला घ्या." मी हो म्हणाले आणि रोजचे दोन शेरच घातले. मीठ चारलं नाही.

अमावस्येला पंचांनी बरगड्या दाबल्या आणि त्यांनाही आश्चर्य वाटलं. पोट टम्म नव्हतं, पण फासळी मांसाखाली होती, जिथं असायला पाहिजे तिथं. "बराबर हाय, बिलकुल बराबर," असं म्हणून ते बाजूला झाले. हार पडला. संबळवाला तयार होता, बायका करंडे उघडून उभ्या होत्या. घोडी शेपटीनं माशा वारत उभी राहिली. मग तिनं मान लांबवून हारातलं एक झेंडूचं फूल ओढलं आणि खाल्लं.

माझ्या आयुष्यात मला इतका आनंद फार थोड्या वेळा झाला आहे. गर्दी मात्र वाट बघत होती. अर्धा तास गेला, तास गेला. कुणीतरी कापूर लावला. कुणीतरी घोडीच्या कानाजवळ संबळ वाजवला, तेव्हा ती दोन पावलं मागं सरली आणि पुन्हा शांत. ऊन चढलं तशी कुजबुज वाढली. देवी आली न्हाई. ह्या पाळीत कायतरी चुकलं. एक निरोगी जनावर पटांगणात उभं होतं आणि ते निरोगी आहे म्हणून सगळं गाव हादरलं होतं.

पंचांनी सासऱ्यांना विचारलं. सासऱ्यांनी मला बोलावलं. "सूनबाई, काय चुकलं असंल तर सांगा," ते सगळ्यांसमोर म्हणाले. पंचांतला एक म्हातारा आणखी स्पष्ट बोलला, "विटाळात शिवली का घोडीला?"

मी म्हणाले, "शिवले. घरात दुसरं कुणी नव्हतं, ती काय चार दिवस तहानेली राहील? आणि मी तिला रोज दोन शेर दाणा घातला, नियमात लिहिलाय तसा. म्हणून ती लोळत नाही. पोट दुखत नाही तिचं. तुम्ही सगळे हरभरा घरात खाता आणि शेवटी चार दिवस..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. "शिवले" एवढंच पटांगणात पोचलं आणि त्यावरच गलका झाला. पहिल्या रांगेतल्यांनी पुढचंही ऐकलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. तेच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. चौदा घरांत एकही घर असं नव्हतं की ज्यानं तो हरभरा खाल्ला नव्हता. माझा नवरा जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चूक झाली म्हण अन् मोकळी हो." फाटकाशी चाचा उभे होते. ते आत येऊ शकत नव्हते आणि आले असते तरी त्यांना कुणी बोलू दिलं नसतं.

मी देवीच्या पायरीवर नाक घासलं. पाच वेळा. पायरीला नारळाचं पाणी आणि तेल लागून चिकट झालेलं होतं, मुंग्या होत्या. उठले तेव्हा नाकाचं साल निघालं होतं आणि माझे सासरे ज्या कागदावर आपलं अक्षर होतं त्याच्याशेजारी उभे राहून हात जोडत होते. त्या दिवशी मला माणसांची जी किळस आली ती नंतर कधी पुरती गेली नाही.

घोडी पुढच्या घरी गेली. त्या घरानं ठरवलं की आपल्या पाळीत देवी आलीच पाहिजे. मागच्या वेळी ती रुसली, तेव्हा या वेळी सेवा दुप्पट. मला घोडीजवळ जायला बंदी होती, पण आमच्या परसातून त्यांचं अंगण दिसायचं. पंचवीस दिवस ठाणात कडब्याच्या काड्या, आणि नंतर चार दिवस तोबरा तिच्या तोंडावरून उतरत नव्हता. मी त्या घरच्या बाईला विहिरीवर गाठून हात जोडले. म्हणाले, एवढं नका भरू, मरेल ती. तिनं घागर काखेत घेतली आणि म्हणाली, "तुमच्यापायीच चाललंय हे." त्यात खोटं काहीच नव्हतं.

अमावस्येला घोडी पटांगणात आणली तेव्हाच तिला चालता येत नव्हतं. पाहणी व्हायच्या आधीच ती पडली. जयजयकार झाला. दोन अमावस्यांची देवी एकदम आली असं लोक म्हणत होते. चाचा या वेळी फाटकातून आत आले, दोन्ही हात वर करून सांगायला लागले, "उठाव उसको, चलाव, पडने मत देव." दोघांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. मी गर्दीच्या मागं उभी होते. घोडीचं डोकं माझ्या बाजूला होतं. तिच्या हिरड्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या. बायका कुंकू टाकत होत्या. संबळ वाजत होता. तिचं लोळणं थांबलं तरी बराच वेळ कुणाला काही कळलं नाही, देवी निवली असं समजून त्यांनी आरती म्हटली. आरती मेलेल्या घोडीपुढं झाली.

त्यानंतर जे झालं ते स्मरणिकेत छापायला पाहिजे होतं. तीन तास नियमांवर वाद झाला. घोडी कुणाच्या पाळीत मेली? पाहणी झाली नव्हती, म्हणजे जुन्या घराच्या. पण हार आणला होता. आणला होता, घातला नव्हता. पटांगण कुणाच्याच दाराचं नाही, मग नियम लागतो का? दोन माणसांनी काच काढून तो कागद बाहेर आणला आणि घोडीजवळ उभं राहून मोठ्यानं वाचला. तिच्या पोटावरच्या कुंकवावर माशांचा थर बसला होता. पोट फुगतच चाललं होतं, वास सुटायला लागला तसे लोक नाकाला उपरणं लावून वाद घालायला लागले. शेवटी एकानं मार्ग काढला. देवीचा कोप मागच्या पाळीत झाला, विटाळानं झाला, घोडी त्या कोपानं गेली, तेव्हा नवी घोडी आमच्या घरानं द्यायची. तेरा घरांच्या माना एकदम हलल्या. एकोपा म्हणायचा असेल तर तो त्या दिवशी मी बघितला.

सासऱ्यांना नाही म्हणता आलं नाही. नियम त्यांचेच. आमची खिलारी बैलजोडी देऊन त्या बदल्यात घोडी आणली. त्या साली पेरणीला आम्ही लोकांच्या बैलांची वाट बघत बसलो आणि पेरणी लांबली. घरात मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. सासूबाई ताट वाढून बाजूला सरकवायच्या. नवरा रिकाम्या गोठ्याकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. असं वर्षभर चाललं.

मग आमची पाळी आली. नवी घोडी काळी, लहान वयाची, अंगात मस्ती असलेली. बारा घरं फिरून तिची मस्ती बरीच उतरली होती. पोतं आलं आणि कोठीत गेलं. सासूबाईंनी हरभरा दळायला दिला, मी दळून आणला. माझ्या त्या चार दिवसांत मी घोडीच्या दिशेलाही गेले नाही. अमावस्येच्या चार दिवस आधी सासऱ्यांनी या वेळी ओसरीवरून हुकूम सोडला नाही. ते भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं स्वतः उचलून घेऊन आले, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि जाऊन बसले.

मी तोबरा भरला. रिकामा झाला की परत भरला. चार दिवस भरत राहिले. ती खाताना माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं बघत नव्हते. शेवटच्या पहाटे मीठ आणि गूळ माझ्याच हातानं मळला. मनात एकच होतं, पुन्हा ती पायरी नको.

घोडी पटांगणात चांगली लोळली. पंच खूश झाले, संबळ दणाणला. मी करंडा घेऊन पहिल्या रांगेत होते. शेजारच्या म्हातारीनं घोडीला कुंकू लावलं, मग वळून त्याच बोटानं माझ्या कपाळाला लावलं आणि म्हणाली, "कोप फिटला बाई तुझ्यावरचा." पलीकडं सासरे मिशीवरून हात फिरवत होते. कितीतरी महिन्यांनी नवरा माझ्याकडं बघून हसला, आणि मलाही बरं वाटलं.

घोडी थोडी सावरल्यावर मी बाहेर पडले. फाटकाशी चाचा पेटीवर बसले होते. मी मान वळवून पुढं जाणार होते.

"बाकी लोगां का छोड देव," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमको तो मालूम था ना बेटी."

मी पदर सारखा केला आणि घरी गेले. पाळी पावली म्हणून बायका येणार होत्या, त्यांच्यासाठी चहा टाकायचा होता.